जिवंतपणीचा आदर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही विद्वान नव्हे. ज्याचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि ज्याचा सारा जन्म मुलांकडून पाढे घोकून घेण्यात व त्यांचे शुद्धलेखन तपासण्यात गेला, त्याने तत्त्वज्ञानाच्या गोष्टी सांगू नयेत, हे आम्ही जाणतो. तेव्हा आज आम्ही बोलणार आहो ते पाहिलेल्या व वाचलेल्या गोष्टींविषयी, आणि त्यांतून निघणाऱ्या एका साध्या कर्तव्याविषयी.

सभेच्या आरंभी प्रघाताप्रमाणे दुखवट्याचा ठराव मांडण्यात आला. गेल्या वर्षभरात दिवंगत झालेल्या ज्ञातिजनांची नावे वाचली गेली आणि आपण सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहिली. प्रत्येक नावापुढे एखाददुसरे विशेषण होते. कोणी परोपकारी, कोणी मनमिळाऊ, कोणी कर्तव्यदक्ष. ही विशेषणे खोटी होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांतील पुष्कळांना आम्ही जवळून ओळखत होतो आणि ती त्यांना शोभणारीच होती. परंतु ठराव ऐकत असता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तो आपणांपुढे ठेवतो. ही विशेषणे त्यांपैकी किती जणांच्या कानांवर त्यांच्या हयातीत पडली असतील?

आम्ही व्याकरण शिकविणारे. म्हणून भाषेतील एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे. परक्या माणसाशी बोलताना आपण ते बिनचूक वापरतो. कचेरीतल्या साहेबाला ‘आपण’ म्हणतो, पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणतो. घरातल्या, भावकीतल्या माणसाशी मात्र आपले बोलणे एकेरीवर येते. प्रेमाचा एकेरीपणा निराळा आणि हेळसांडीचा निराळा. ऐकणाऱ्याला तो भेद अचूक कळतो. आता गंमत पाहा. ज्याला जन्मभर ‘तो काय करणार’ असे म्हटले, तोच देवाघरी गेला की दुसऱ्या दिवसापासून ‘ते गेले, फार चांगले होते हो’ असे आपण म्हणू लागतो. नावामागे ‘कै.’ लागते आणि क्रियापद अनेकवचनी होते. जो आदर इतक्या सहज जिभेवर येतो, तो आदल्या दिवसापर्यंत कोठे होता?

दीर्घ आजाराने माणूस जातो, तेव्हा निदान घरच्यांना मनाची तयारी करण्यास अवधी मिळतो. मागावयाची ती क्षमा मागता येते, फेडावयाचे ते देणे फेडता येते, उशापाशी बसून दोन गोड शब्द बोलता येतात. अकस्मात येणारा मृत्यू हा अवधी देत नाही. आपल्या महाराष्ट्राने याचा अनुभव वारंवार घेतला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची भूमी हादरली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगरच कोसळला. परंतु आम्हांस आज विशेष स्मरण होते ते किल्लारीचे.

३० सप्टेंबर १९९३ चा तो दिवस. आदल्या रात्री गावोगाव गणपतींचे विसर्जन झाले होते. लेझीम खेळून, गुलाल उधळून दमलेली माणसे उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील तेरणाकाठची भूमी हादरली. सूर्य उगवला तेव्हा गावे नव्हती. दगडमातीचे ढिगारे होते. सुमारे आठ हजार माणसे त्या एका पहाटे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे का गेली, याचा जाणकारांनी पुढे शोध घेतला. त्या भागातील घरे ओबडधोबड दगडांची व मातीच्या बांधणीची होती. भिंती दोनदोन, तीनतीन फूट जाडीच्या. वर लाकडी फळ्या आणि त्यांवर मातीचे जाड धाबे. दरसाल धाब्यावर माती टाकावी, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि उन्हाळ्यात घर गार राहते, असा परिपाठ. जाड भिंतीचा वाडा हे घराण्याच्या प्रतिष्ठेचेही लक्षण मानले जाई. भूमी हलताच त्या भिंतींतले दगड सुटले आणि वरची सगळी माती निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. ज्यांची घरे कुडाची व गवताची होती, त्यांतील माणसे पुष्कळशी वाचली. ज्याला वाडा बांधण्याची ऐपत नव्हती, तो सकाळी उठून उभा राहू शकला आणि शेजाऱ्याच्या ढिगाऱ्यावरील दगड उचलू लागला.

या दुर्घटनेवरून आम्ही कोणास वैराग्य शिकवीत नाही. घर पक्के असावे, ते भूकंपाला टिकेल असे बांधावे, हाच तिचा खरा व्यवहारी धडा आहे. परंतु आपल्या विषयापुरते एक सांगतो. त्या गावांतही इतर गावांप्रमाणेच भावकी असेल, बांधाचे तंटे असतील, सणाच्या दिवशीही एकमेकांचे तोंड न पाहणारे सख्खे भाऊ असतील. विसर्जनाच्या मिरवणुकीत काही जण एकमेकांना टाळून चालले असतील. उद्या बोलू, दिवाळीला मिटवू, असे कोणी मनाशी म्हटलेही असेल. पहाटे चारच्या आत त्या सगळ्या उद्यांचा निकाल लागला. ज्या हद्दींवरून वाद चालले, त्या हद्दींच्या भिंती तर राहिल्या नाहीतच. नवे गाव दुसरीकडे वसल्यावर त्या हद्दींना अर्थही राहिला नाही.

किल्लारी दूरची वाटत असेल, तर अलीकडच्या करोनाच्या साथीची आठवण करा. मार्च १९२० नव्हे, मार्च २०२० म्हणतो आहो आम्ही. कारण प्लेगच्या व इन्फ्लुएंझाच्या साथीच्या गोष्टी आपण आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या आणि तसे काही आपल्या वाट्याला येणार नाही, अशी आपली समजूत होती. त्या मार्चच्या अखेरीस सारा देश घरात बसला. अंत्ययात्रेला वीसांहून अधिक माणसे नकोत, असा नियम झाला. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, तेव्हा वीस राहोत, पुष्कळ ठिकाणी दोनही माणसांना जवळ जाता येईना. सकाळी आपल्या पायांनी रुग्णालयात गेलेला माणूस परत आलाच नाही. प्लॅस्टिकच्या वेष्टनातला देह, त्याचे मुखदर्शनही नाही. अस्थींच्या गाडग्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधून ती स्मशानात ठेवलेली. वारस विलगीकरणातून सुटतील तेव्हा घेऊन जातील. दहावे-तेरावे कित्येकांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उरकले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती सांगणे आम्ही आवश्यक समजतो. त्या दिवसांत आपल्या माणसांना खांदा कोणी दिला? सख्खे पुत्र दाराआड होते. ज्ञातिबांधव येऊ शकत नव्हते. आले असते तर नियमभंग झाला असता. नगरपालिकांचे सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, स्मशानातले कर्मचारी, काही ठिकाणी मुसलमान बांधवांच्या तुकड्या, यांनी दिवसरात्र तो भार उचलला. त्यांनी मृताची जात विचारली नाही, आणि आपणही त्यांची विचारली नाही. ज्यांच्या हातचे पाणी घेण्यास आपल्या आजा-पणज्यांनी नकार दिला असता, त्यांच्या हातून आपल्या माणसांच्या चितेला अग्नी मिळाला. ज्ञातीचे मंडळ असावे, त्यातून मुलांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात, वधूवरांची सोय व्हावी, हे आम्हांस मान्यच आहे. आम्ही त्याचे जुने सभासद आहो. परंतु आदराची सीमा ज्ञातीच्या कुंपणापाशी थांबत असेल, तर त्या दोन वर्षांत आपण काहीच शिकलो नाही असे म्हणावे लागेल.

आता दहाव्याच्या विधीकडे वळू. आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रसंग पाहिला आहे. नदीचा घाट, दर्भ, भाताचा पिंड, आणि वर झाडाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. कावळा पटकन शिवला तर माणूस तृप्त होऊन गेला असे म्हणतात. शिवला नाही, की कुजबुज सुरू होते. काहीतरी इच्छा राहिली असणार! मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि पिंडाकडे पाहून मोठ्याने वचन देतो. ‘मुलांची शिक्षणे आम्ही पुरी करू.’ ‘धाकटीचे लग्न माझ्याकडे लागले.’ ‘आईला अंतर देणार नाही.’ एवढे करूनही कावळा आला नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मंडळी घरी परततात.

या विधीचे शास्त्र काय, याची चर्चा आम्ही करणार नाही. ज्याची श्रद्धा असेल त्याने करावा, नसेल त्याने करू नये. पण त्या घाटावर जी वचने दिली जातात ती ऐकण्यासारखी असतात. त्यांत अवघड असे एकही वचन नसते. मृताच्या हयातीत कोणत्याही संध्याकाळी, ओसरीवर बसून, चहाच्या कपाबरोबर ते देता आले असते.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोघे चुलतभाऊ, घरे शेजारी, मधली भिंत सामाईक. एकाने छपरावर पत्रे घातले आणि पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडू लागले. प्रथम बोलाचाली, मग पंचांचा पंचनामा, मग वकिलाची नोटीस. पुढे सोळा वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. लग्नपत्रिका जात, पण पोस्टाने. भिंतीपलीकडच्या घराला दोन मैलांवरचे टपाल! बायका विहिरीवर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत. मुले मात्र शाळेत एकाच बाकावर बसत आणि डबा वाटून खात. हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

एके दिवशी सुगीच्या कामात थोरल्याच्या छातीत कळ आली आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत सगळे संपले. दहाव्याला धाकटा घाटावर आला, दूर उभा राहिला. कावळा शिवेना. सर्वांचे बोलून झाले. शेवटी तो पुढे आला, पिंडापुढे गुडघे टेकले आणि म्हणाला, ‘दादा, पन्हळ मी उद्याच काढून घेतो.’ सोळा वर्षांत त्याने ‘दादा’ म्हटले नव्हते. कावळा त्यानंतर शिवला की नाही, हे येथे सांगण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी खरोखरच त्याने पन्हळीचे तोंड फिरविले. दोन तासांचे काम. खर्च दोनशे रुपयांच्या आतला. आज ते पाणी रस्त्याच्या बाजूस पडते. पाऊस पडू लागला की थोरल्याची पत्नी ओसरीवर येऊन बसते. एकदा तिने धाकट्या दिराला विचारले, ‘भावजी, घाटावर तुम्ही बोललात ते त्यांना ऐकू गेलं असेल का हो?’ त्याला उत्तर देता आले नाही. आम्हांसही येत नाही.

बंधुभगिनींनो, भाऊबंदकीचा कज्जा आपल्यापैकी किती घरांत आहे, हे हात वर करावयास सांगून आम्ही विचारणार नाही. ज्याचे त्याला ठाऊक आहे. एवढेच सांगतो की, पुष्कळ कज्ज्यांतील मूळ वस्तूची किंमत वकिलाच्या पहिल्या फीपेक्षाही कमी असते. राहते ते मानाचे. ‘आधी त्याने बोलावे.’ शेतजमिनींच्या अदलाबदलीच्या ताब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वाद मिटावेत म्हणून शासनानेही २०२३ मध्ये ‘सलोखा’ नावाची योजना काढली आणि अशा अदलाबदलीच्या दस्ताचे मुद्रांक शुल्क नाममात्र केले. शासन शुल्क माफ करू शकते. पण पहिला शब्द कोणी बोलावा, हे कोणत्याही दस्तात लिहिता येत नाही. तो शब्द वडीलधाऱ्याने बोलावा, असे आमचे मत आहे. त्याने त्याचे वडीलपण कमी होत नाही.

आता याहूनही नाजूक विषयाकडे येतो. अकस्मात मृत्यू ज्याला नेतो त्याचे दुःख संपते. ज्याला मागे ठेवतो त्याचे सुरू होते. आपल्या समाजात पुरुष गेला की त्याच्या पत्नीचे काय होते? ज्या क्षणी तिला सर्वांत अधिक आधार हवा, त्याच क्षणी चार बायका पुढे होऊन तिचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, जोडवी काढतात. आदल्या दिवशी जिची ओटी भरली, तिला दुसऱ्या दिवसापासून शुभकार्यात मागे बसवतात. निमंत्रणपत्रिकेवरील ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ येते. तिचा काय अपराध झाला? मृताविषयी आदर दाखविण्याची ही रीत कसली, जिने त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाचा अनादर होतो?

याबाबतीत महाराष्ट्राने पूर्वीच थोर उदाहरणे घालून दिली आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशी १८७३ साली विवाह झाला, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडील बायकांनी त्याबद्दल रमाबाईंना किती छळले, हे त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई कोपऱ्यात बसून राहिल्या नाहीत. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि त्यातून शेकडो स्त्रिया शिकून, शिक्षिका व परिचारिका होऊन बाहेर पडल्या. पतीने हयातीत जो आदर दिला, तो त्याच्या पश्चात पत्नीचे बळ झाला. यापेक्षा चांगले स्मारक कोणते?

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९१ साली त्यांची प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा निश्चय करून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. मुरूड गावच्या त्यांच्याच मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्ञातीची सभा भरली असेल, ठराव झाला असेल, सूचक-अनुमोदकही मिळाले असतील. ते ठराव करणारे आज कोणास ठाऊक नाहीत. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली, वयाला शंभर वर्षे पुरी झाली असता, त्यांना भारतरत्न मिळाले. ज्ञातीचे मंडळ कोणत्या बाजूला उभे राहते, याची नोंद काळ ठेवतो.

तिसरे उदाहरण अगदी आपल्या डोळ्यांदेखतचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. साथीत अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले होते. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की, पती निधन पावल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे हे प्रकार आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे कळविले. एका ग्रामपंचायतीला जे सुचले आणि जमले, ते आपल्या मंडळाला का जमू नये? आपल्यात तर पदवीधरांची संख्या दरवर्षी स्मरणिकेत छापली जाते.

केवळ उपदेश करून थांबणे हा मास्तरांचा जुना दोष आहे, असे विद्यार्थी म्हणतात. म्हणून आम्ही चार सूचना करतो. मंडळाने त्यांचा विचार करावा.

पहिली सूचना ज्ञातिसूचीविषयी. पुढील आवृत्तीत स्त्रियांच्या नावांमागे ‘सौ.’ व ‘गं. भा.’ असा भेद न करता सर्वांना ‘श्रीमती’ असेच छापावे. मंडळाच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण सर्व भगिनींना सारखे जावे, आणि ज्यांचे पती हयात नाहीत त्यांनाही तोच मान मिळावा. यासाठी खर्च काहीही नाही.

दुसरी सूचना सत्काराविषयी. दरवर्षी आपण परीक्षेत पहिले आलेले आणि मोठ्या पगारावर गेलेले यांचा सत्कार करतो. तो योग्यच आहे. त्याबरोबर अशाही माणसांना बोलवावे, ज्यांचे नाव एरवी केवळ दुखवट्याच्या ठरावातच येते. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, भावाच्या पोरक्या मुलांना वाढविणारा काका, आपल्या सभागृहाची झाडलोट वर्षानुवर्षे करणारा सेवक, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो. त्यांना शाल नको, श्रीफळ नको. एक माणूस उभा राहून सर्वांसमक्ष त्यांचे काम सांगेल, तेवढे पुरे.

तिसरी सूचना तंट्यांविषयी. ज्ञातीतील पाच वडीलधारी माणसे निवडावीत. त्यांत दोन स्त्रिया असाव्यात. कोठे भाऊबंदकीचा वाद असेल, तर न्यायनिवाड्यासाठी नव्हे, केवळ दोघांना एका ओसरीवर बसविण्यासाठी त्यांनी जावे. घाटावर जे बोलले जाणार आहे, ते ओसरीवर बोलले जावे, एवढाच हेतू.

चौथी सूचना घरातील पुरुषांना आहे, आणि ती अगदी व्यवहाराची आहे. साथीच्या दिवसांत आम्ही अशी घरे पाहिली की, पती गेल्यावर पत्नीला बँकेचे पुस्तक कोठे आहे, विमा आहे की नाही, कोणाचे देणे आहे, कोणाकडे येणे आहे, यातले काहीच ठाऊक नव्हते. तिला सांगावयाचे काय, असे म्हणून जन्मभर तिला अंधारात ठेवले होते. पत्नीला घरचा हिशेब सांगणे हाही आदर आहे. किंबहुना दागिन्यांपेक्षा मोठा आदर आहे. मृत्युपत्र करून ठेवावे. ते साध्या कागदावरही होते. लिहिणाराची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. बँकेत वारसाचे नाव नोंदविले म्हणजे सगळे झाले, असे समजू नये. नाव नोंदविलेला माणूस पैसे घेऊ शकतो, पण मालकी कोणाची हे मृत्युपत्राने वा वारसा कायद्याने ठरते. आणि वडील जाऊन तेरा दिवसही झाले नाहीत, तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती आपल्या ज्ञातीने सोडून द्यावी. २००५ सालच्या कायद्याने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिने तो सोडावा की नाही हे तिच्या मनाने ठरवावे. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिने कोठे सही करावी, हे भावाने बोट ठेवून दाखवू नये.

आमचे बोलणे लांबले. मृत्यू केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही, हे सांगण्यासाठी आमची गरज नव्हती. ते प्रत्येकाला कळते. परंतु ज्या माणसांबरोबर आपण एका घरात, एका गल्लीत, एका ज्ञातीत राहतो, त्यांच्याशी कसे बोलावे, त्यांच्या नावामागे काय लिहावे, त्यांना कोठे बसवावे, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे. आपल्या संमेलनाचे भोजन थोड्याच वेळात सुरू होईल. पंक्तीत बसताना आपल्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे, आणि ज्याच्याशी कित्येक दिवसांत बोलणे झाले नसेल, त्याला आपल्या हाताने एक घास आग्रहाने वाढावा, एवढीच विनंती.